रिपोर्ट कोरा आल्यावर

“या गोळ्यांनी व्हायरस जाईल, त्याची फार काळजी करू नका,” डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या. “पूर्वी इंजेक्शनं असायची, त्यांनी माणसं मनानं पार खचायची. या गोळ्यांचं तसं नाही. पण एक सांगून ठेवते. रिपोर्ट कोरा आला की घरचे कागद बघून खूश होतात. तुम्ही माणसाकडे बघा. झोप, जेवण, बोलणं. औषध संपल्यावरसुद्धा.”

मी हो हो म्हटलं आणि लगेच विचारलं, “मॅडम, माझी मुलगी तीन वर्षांची आहे. ती आजीच्या ताटातलं खाते. चालेल ना?”

चालेल, त्या म्हणाल्या. एका ताटात जेवून, पाप्या घेऊन हिपॅटायटिस सी पसरत नाही. रक्तातून पसरतो. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढे वेगळे ठेवा. हे सगळं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. आधीचं वाक्य मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत निघून गेलं होतं.

ज्यांच्याबद्दल हे बोलणं चाललं होतं त्या माझ्या सासूबाई, बनाबाई. आमच्याकडे सासूला आत्ती म्हणतात. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या आणि मॅडमच्या ब्लाऊजकडे एकटक बघत होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “डाव्या खांद्यावर उसवलाय. एवढी शिकलेली बाई, आन टेलर असला.”

आत्तींनी आयुष्यभर ब्लाऊज शिवले. त्यांचं माहेर चंदगडकडचं, लग्न होऊन कोल्हापुरात आल्या आणि उंबऱ्याच्या आत मशीन मांडून बसल्या. गिऱ्हाइकाचं माप एकदा टेपनं घेतलं की कायमचं डोक्यात. एखादी बाई दोन वर्षांनी आली तरी तिच्याकडे नुसतं बघून म्हणायच्या, “कंबरंत वाढलीस गं. अर्धा इंच सोडतो.” (कोल्हापूरच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, मी जातो, मी सोडतो. लग्नानंतर पहिले काही दिवस मी दचकायचे.)

पण त्यांची खरी ओळख मशीनची नव्हती. आमच्या गल्लीच्या टोकाला छोटंसं बुद्ध विहार आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वर्षावासात, तिथे रोज संध्याकाळी वंदना होते आणि ग्रंथ वाचला जातो. आत्ती सातवी शिकलेल्या, पण वाचायला बसल्या की बाहेर क्रिकेट खेळणारी पोरंसुद्धा आवाज कमी करायची, असं सगळे सांगतात. मी सांगतात म्हणते, कारण मी लग्न करून आले तेव्हा त्यांनी वाचणं सोडलेलं होतं. दादासो कांबळे म्हणजे विहाराचं सगळं बघणारे, वयस्कर. त्यांच्याशी काहीतरी बिनसलंय म्हणून जात नाही, असं आत्ती सांगायच्या. दादासोंना विचारलं तर ते म्हणायचे, “माझं कवा भांडन झालं? मलाच ठावं न्हाय.”

घरातही आत्ती तशाच झाल्या होत्या. गॅसवर दूध ठेवायच्या, विसरायच्या आणि कोणी बोललं की उलट भांडायच्या. दिवसभर थकलेल्या. मग एकाच बाईच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या गेल्या आणि त्यांनी मशीनवर चादर टाकली. “डोळं गेलं माझं,” एवढंच म्हणाल्या.

डोळे खरंच थोडे गेले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासतात, त्यात हिपॅटायटिस सी निघाला. कधी झाला असेल, याचा मॅडमनी माग काढला. माझे मिस्टर अतुल जन्मले तेव्हा बाळंतपणानंतर आत्तींचं खूप रक्त गेलं होतं, बाहेरचं रक्त चढवावं लागलं होतं. त्या काळात रक्ताची ही तपासणी होत नव्हती. म्हणजे अतुलच्या वयाइतका जुना तो आजार होता. यकृत थोडं कडक झालं होतं, पण वेळ गेली नव्हती. मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली आणि मी आत्तींकडे बघतच राहिले. या आजारात पुष्कळांना थकवा येतो, लक्ष लागत नाही, आठवत नाही, मन उदास होतं, चिडचिड होते.

“म्हंजे ह्यो व्हायरस डोस्क्यात बी जातोय?” आत्तींनी विचारलं.

“डोक्यावर परिणाम करतो, असं म्हणू.”

“आमच्या चंदगडात पावसाळ्यात धुकं पडतंय. समोर म्हस उभी असली तरी दिसत न्हाय, नुसतं हंबारलेलं ऐकू येतंय. तसं हुतंय माझं. माझं मला ऐकू येतंय, दिसत न्हाय.”

मॅडम लिहिता लिहिता थांबल्या. मला वाटतं, त्या दिवसापासून मी आत्तींकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले. या बाईनं किती वर्षं हे धुकं एकटीनं अंगावर काढलं होतं, आणि विचारलं तर भांडण झालंय, डोळे गेलेत, असं काहीबाही सांगून आमच्यापासून झाकलं होतं.

गोळ्या सीपीआर या सरकारी दवाखान्यातून सुरू झाल्या. रोज एक, तीन महिने. अतुलची आणि माझीही तपासणी झाली, आम्ही दोघं ठीक होतो. पहिले काही दिवस आत्तींचं डोकं दुखलं, झोप उडाली. मग हळूहळू त्या दुपारी झोपेनाशा झाल्या. एक दिवस मी भाकरी थापत होते, तर दारातून माझं नाव नेहमीसारखं मोडून घेत म्हणाल्या, “सिरुते, तुझ्या ह्या ब्लाऊजचा गळा मी शिवलाय?” त्यांना आठवत नव्हतं. पण विचारावंसं वाटलं होतं. आमच्या घरात तो सणच होता.

मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशनही झालं. श्रावणात शेवटचा रिपोर्ट आला. व्हायरस सापडला नाही. अतुलनं शिरोलीहून, कामावरून येताना पेढे आणले, गल्लीत वाटले. “आई, निगेटिव्ह हाय! आता तू मोकळी!” आमच्या समोरच राहणाऱ्या, आत्तींच्या लग्नापासूनच्या मैत्रीण बायडाबाई पेढा तोंडात टाकत म्हणाल्या, “बने, आता काय कारन सांगणार? डोळं माघारी आलं, रोग गेला. वर्षावास चालू हाय. उद्यापासनं ग्रंथ तूच वाच.”

आणि आत्ती खरंच गेल्या. पांढरी साडी नेसून, चष्मा पुसून. मी माझ्या लेकीला, क्रांतीला, मांडीवर घेऊन मागे भिंतीला टेकून बसले. पहिल्या संध्याकाळी मला कळलं, लोक जे सांगत होते ते का सांगत होते. आवाज मोठा नव्हता. पण प्रत्येक शब्द त्या असा ठेवायच्या, की खाली पडून फुटू नये. त्या दिवशी आजारी भिक्षूची गोष्ट आली. कोणी बघायला नव्हतं म्हणून घाणीत पडून राहिलेल्या भिक्षूला तथागतांनी स्वतः आंघोळ घातली, ती. वाचन संपल्यावर सगळे, ‘छान झालं’ अशा अर्थानं, म्हणाले, “साधू, साधू, साधू.” क्रांतीसुद्धा म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळी आत्तींनी ग्रंथ उघडला आणि परत तीच गोष्ट वाचली.

पहिली ओळ ऐकताच मी ओळखलं. मी आजूबाजूला बघितलं. सगळ्यांना कळलं होतं. दादासोंनी डोळे मिटून घेतले. एका बाईनं दुसरीकडे बघून भुवई उचलली, दुसरीनं मान खाली घातली. आमच्याकडे ग्रंथ वाचणाऱ्याला मध्येच कोणी अडवत नाही. रीतच नाही तशी. आणि त्यातून बनाबाई, इतक्या वर्षांनी बसलेल्या. कोण बोलणार? मी सून, मी तर नाहीच. शेवटी सगळे अगदी मनापासून, कालच्यापेक्षाही मोठ्यानं म्हणाले, “साधू, साधू, साधू.” मीही म्हणाले. आत्ती हसऱ्या चेहऱ्यानं उठल्या.

हे त्यांना सकाळी कळलं. बायडाबाईंच्या मनात काही वाईट नव्हतं. त्या दारात भाजी निवडत म्हणाल्या, “त्या आजारी भिक्षूचं काल परत वाचलंस, लई बरं केलंस बघ बने. परवा माझं अर्धं ध्यान घराकडंच हुतं.”

आत्तींच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. “परत?” त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या विहारात गेल्या नाहीत. दुसऱ्याही नाही. घरात भांडणं नव्हती, चिडचिड नव्हती, आणि त्याचीच मला भीती वाटायला लागली. आधी दूध उतू गेलं तर त्या माझ्यावर ओरडायच्या. आता नुसत्या गॅस बंद करून बाजूला व्हायच्या. केसांना तेल नाही. ताटात अर्धी भाकरी उरायची. क्रांती मांडीवर चढली तर हात तिच्या पाठीवर असायचा, पण फिरायचा नाही. अतुलला सांगितलं तर तो म्हणाला, “अगं, एवढ्या मोठ्या दुखण्यातनं उठलीय. रिपोर्ट कोरा हाय की! हुईल हळूहळू.” तो चुकीचं बोलत नव्हता. कागद खरंच कोरा होता.

मग त्यांनी मशीन देऊन टाकलं. गल्लीतल्या चिमणाबाईंच्या सुनेला बोलावून म्हणाल्या, घेऊन जा, पडून गंजालंय. दोन दिवसांनी विहारात नेसायची पांढरी साडी धुऊन, घडी करून बायडाबाईंच्या हातात दिली. बायडाबाई चेष्टेत म्हणाल्या, “का गं, तू काय रंगीत नेसणार हाईस आता?” आत्ती हसल्या नाहीत. मी खिडकीतून बघत होते. मी कॉलेजात मानसशास्त्राचा एक पेपर दिलेला, त्यातलं बाकी काही आठवत नाही. पण माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू वाटायला लागला की सावध व्हायचं, हे आठवलं.

दुपारी क्रांती झोपली होती. आत्ती पलंगावर, पाय खाली सोडून बसल्या होत्या. मी जमिनीवर त्यांच्या पायांशी बसले.

“आत्ती, एक विचारू? रागावू नका.”

“इचार की.”

असं विचारलं तर नको ते त्यांच्या मनात आपणच घालतोय, असं वाटत होतं. तरी विचारलं. “जीव नकोसा वाटतोय का तुम्हाला? जिवाचं काही बरंवाईट करून घ्यावं, असं मनात येतं का?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता एक थोबाडीत बसणार.

“करून घ्यायचं मनात न्हाय,” त्या म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? पर सकाळी डोळं उघडलं की वाटतंय, कशाला उघडलं.” मी त्यांच्या पायावर हात ठेवून बसले. “तुला सांगतो सिरुते. दवाखान्यात त्या बाईनं सांगितलं की डोस्क्यातलं हे सगळं रोगापायी हाय, तवा मला लई हलकं वाटलं. म्हटलं, मी न्हाय गं, रोग करालाय. गोळ्या खाल्ल्या. रोग गेला. कागदावर न्हाय, रक्तात न्हाय. आन तरी बी मी तेच पान परत वाचलं. मग आता ह्ये कोन करालंय? म्हंजे मीच तसली. आता ढकलायला बी कोन न्हाय.”

समजूत घालायची ही वेळ नाही, एवढं कळलं. मी म्हणाले, “उद्या मॅडमकडे जाऊ. हे सगळं असंच त्यांना सांगाल?”

“रिपोर्ट कोरा हाय म्हनून हाकलून देतील.”

“देऊ देत. आपण बसून राहू.”

मॅडमनी हाकललं नाही. आत्तींनी जसंच्या तसं सांगितलं, पान परत वाचल्याचं, सकाळी डोळे उघडण्याचं. इतकं उघडं, न रडता, अनोळखी खोलीत बोलणं मला जमलं नसतं. मॅडम म्हणाल्या, व्हायरस गेला, पण तो इतकी वर्षं घरात राहून गेलाय. भाडेकरू गेला म्हणून घर त्याच दिवशी नीट होत नाही. काहींचं डोकं लवकर स्वच्छ होतं, काहींना वर्ष लागतं, काहींचं थोडं मागे राहतं. आणि उदासी हा वेगळा आजार आहे, त्यालाही औषध आहे.

“माझं किती माघारी येईल?” आत्तींनी विचारलं.

“ते मला सांगता येणार नाही.”

बाहेर आल्यावर मला वाटलं, आत्ती खचल्या असतील. तर त्या म्हणाल्या, “खरं बोलली बाई. बाकीची सगळी निसती साधू साधू म्हनालीत.”

मनाच्या डॉक्टरांनी गोळी दिली, बोलायला बोलावलं. आठवड्याला आम्ही जायचो. अतुल दोनदा सुट्टी काढून आला आणि खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिला. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज थोडं मोठ्यानं वाचा, कोणीतरी समोर बसून चूक झाली की लगेच सांगू दे. आत्ती क्रांतीला वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून दाखवायच्या. क्रांतीला वाचता येत नाही, पण ती ऐकत होती. “आजी, हे मगाशी झालं!” असं ती बिनधास्त ओरडायची. आत्तींना त्याचं काहीच वाटायचं नाही. उलट पुढची ओळ बरोबर वाचली जायची. मी चहा गाळता गाळता हे बघत होते. एका दुपारी आत्तींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “पोरगी अडवतीया म्हनून मला वाट सापडालीय. बायडीकडनं माझी साडी आन.”

आश्विन पौर्णिमा जवळ आली होती. विहारात नेहमीपेक्षा गर्दी होती. वंदना झाली. दादासो ग्रंथाजवळ जायला उठले, तोवर आत्ती उभ्या राहिल्या.

“दादासो, थांबा. मला काय तरी बोलायचं हाय.”

“बोला की बनाबाई.”

“मला हिपॅटायटिस सी झालता,” आत्ती म्हणाल्या. अतुलनं माझ्याकडे बघितलं. गल्लीत आम्ही सगळ्यांना नुसतं ‘लिव्हरचं’ सांगितलं होतं. “बाळंतपनात रक्त चढीवलं, त्यातनं. गेला आता. कुनाला लागत न्हाय, भिऊ नका. पर डोस्कं अजून पुरतं माघारी आलेलं न्हाय. वाटंवर हाय. त्या दिवशी मी तेच पान परत वाचलं. तुमाला समद्यास्नी कळलं. कळलं का न्हाय?”

पुढच्या बायका सतरंजीकडे बघायला लागल्या.

“कळलं. आन तुमी साधू म्हनलासा. माझा मान राखलासा. पर मी घरात बसून दिस काढलं त्या मानापायी. ज्याला वाट दिसत न्हाय त्याला वरडून सांगायला लागतंय, म्होरं पाण्याचा वढा हाय म्हनून. नमस्कार करून न्हाय चालत.”

दादासो घुटमळले. “पर बनाबाई, वाचनाऱ्याला मधी अडवायचं म्हंजे... रीत न्हाय आपली.”

“मग ऐकनारा जागा हाय का झोपलाय, ह्ये वाचनाऱ्याला कळायचं कसं?”

मागून कोणीतरी फस्सकन हसलं. दादासोही हसले, त्यांना वाचनात डुलकी लागते हे सगळ्यांना माहीत आहे. आत्ती बसल्या. ग्रंथाचं पान दादासोंनी दाखवलं. “चुकलो तर अडवा,” त्या म्हणाल्या आणि वाचायला लागल्या.

अर्ध्या पानापर्यंत सगळं सुरळीत. मग बोट ओळीच्या शेवटाला गेलं, खाली न उतरता वरच्याच ओळीवर आलं आणि वाचलेलं वाक्य परत सुरू झालं.

पन्नाससाठ माणसं आणि एकही अडवत नाही. बायडाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. क्रांती नेमकी अतुलच्या खांद्यावर झोपलेली. भरल्या विहारात, सगळ्या गल्लीसमोर, सुनेनं सासूला.

“आत्ती,” मी म्हणाले. आवाज फाटका निघाला. “ही ओळ झाली.”

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. आत्तींनी मान वर केली नाही. “झाली व्हय?” त्या म्हणाल्या. “बरं.” बोट एक ओळ खाली सरकलं आणि वाचन पुढे चालू झालं, जसं काही कोणी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि त्यांनी तो घेतला.

त्यानंतर त्या आणखी दोनदा अडखळल्या. एकदा दादासोंनीच सांगितलं. एकदा बायडाबाई इतक्या मोठ्यानं ओरडल्या, “बने, खाली! खाली!” की सगळं विहार हसलं, आत्तीही चष्मा वर सारून हसल्या. शेवटी सगळे साधू म्हणाले. मी फक्त त्यांच्याकडे बघत होते. साठीची बाई, सातवी शिकलेली, सगळ्यांसमोर आपलं धुकं दाखवून बसलेली, ताठ.

घरी येताना बायडाबाई माझा दंड धरून म्हणाल्या, “चारचौघांत सासूची चूक काढायला मिळाली. नशीब काढलंस गं पोरी. माझी सून ऐकंल तर उद्या माझ्याबी मागं लागंल.”

सगळं नीट झालं, असं मी लिहिणार नाही. आत्ती मनाची गोळी अजून घेतात. ब्लाऊज कापत नाहीत, मशीन परत मागितलं नाही. काही दिवस वाईट जातात. पण वाईट दिवस असला तर आता त्या सांगतात, आणि मी विचारते. विचारायची भीती माझी कमी झालीय, एवढं मी त्यांच्याकडून शिकले.

हे वाचणाऱ्या तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या ओळखीत कोणीतरी असेल, दीर, मावशी, शेजारी, कोणीही, ज्यांचं मोठं दुखणं नुकतंच संपलंय. पेढे वाटून झालेत, भेटायला येणारे थांबलेत. आज त्यांच्याकडे जा. तब्येत विचारू नका, ‘बरी आहे’ हे उत्तर त्यांनी तयार ठेवलेलं असतं. जवळ बसा. दिवस कसा जातो, मन कशात लागतं का, हे विचारा. नकोसं वाटतंय का, हेही सरळ विचारा. आणि ते गप्प राहिले तर लगेच उठून येऊ नका, थोडा वेळ बसा.